माझ्या खळ्यातला धूर

माझ्या खळ्यातून धूर येत होता.

खाडीच्या अलीकडे, कातळावर घातलेल्या झोपडीच्या तोंडाशी बसून मी तांदूळ निवडत होते. सहज मान वर केली, तर पलीकडे माझ्याच माडांच्या मधून धुराची रेघ सरळ वर चाललेली. सूप मांडीवरून खाली गेलं, तांदूळ कातळावर सांडले.

"सुलभा, बघ गो! आपल्या न्हाणीकडची चूल पेटलीहा!"

माझ्या सुनेनं झापांच्या आडून डोकं बाहेर काढलं, बघितलं आणि पटकन पदर तोंडावर घेतला. "आये, तिकडे बघा नको. ता माणसाचा काम नाय."

"माणसाचा नाय तर माझी नारळाची सोडणां कोण जाळता? भुताक चाय पिवची आसा?"

ज्यांना आमची गावपळण ठाऊक नाही त्यांना माझा संताप कळायचा नाही, म्हणून सांगते. काही वर्षं गेली की देव कौल देतो, आणि आमचं अख्खं खारवणे गाव उठतं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, पिंजऱ्यातला पोपटसुद्धा. ढोल वाजला की सगळ्यांनी शिवेबाहेर. तीन दिवस गाव देवाचं. देवळात दिवा नाही, विहिरीत पोहरा नाही, चुलीत विस्तव नाही. आम्ही खाडीच्या या अंगाला, शेजारच्या गावाच्या कातळावर झावळ्यांच्या झोपड्या घालून राहायचं आणि आपलंच गाव लांबून बघायचं. त्या दिवसांत शिवेच्या आत कोणी हललेलं दिसलं तर ते माणूस नव्हे. हाक आली तर ओ द्यायची नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हे पाळत आले, आणि दुसऱ्यांना पाळायला लावत आले. माझ्या तोंडाला गाव भितो तो काही उगाच नाही.

अशा गावात माझ्या खळ्यात, दारापुढच्या अंगणात, कोणीतरी चूल पेटवतो म्हणजे काय!

एवढ्यात खाडीत काहीतरी नारिंगी दिसलं. होडी म्हणावी तर होडी नव्हती, गादी म्हणावी तर गादी नव्हती. हवा भरून फुगवलेलं काहीतरी, आणि त्यात बसून एक पोरगी दोन्ही तोंडांचं वल्हं इकडून तिकडे, तिकडून इकडे मारत आमच्याच रोखानं येत होती. झोपड्यांतली माणसं काठावर जमली. बायकांनी पोरं मागे ओढली. पोरगी किनाऱ्याला लागली. गुडघ्यापर्यंत विजार, अंगाला चिखल, डोक्यावर सायकलवाल्यांची टोपी.

"कोणी मोठं माणूस आहे का? मदत हवी आहे!"

"मोठा माणूस म्हणजे मी," मी पुढे झाले. "आदी सांग, माझ्या खळ्यात चूल तू पेटवलंस?"

ती गडबडली. "कौलारू घर, बाजूला विहीर? हो, आम्हीच. सॉरी आजी, आम्हाला वाटलं..."

"आजी कोणाची? विहिरीत पोहरो टाकलास?"

"हो, पाणी लागलं म्हणून..."

"झाला! विहीर बाटली. आनी खंयच्या वाटेन आत शिरलात? शिवेवर काटे घातलेत ते दिसाक नाय?"

तिचं नाव मृण्मयी, ते मला नंतर कळलं. पुण्याची. ती आणि तिचा भाऊ कौस्तुभ असे दोघं निघाले होते किनाऱ्याकिनाऱ्यानं गोव्याला. रस्ता असेल तिथे सायकल. खाडी आली की पाठीवरच्या पिशवीतून ही रबराची होडी काढायची, पंपानं फुगवायची, सायकल तिच्यावर आडवी बांधायची आणि पलीकडे जायचं. खडक आले की सायकल खांद्यावर घेऊन पायी. कशासाठी, तर मजा म्हणून! दोघांच्या दोन होड्या. ते पुळणीवरून, वाळूतून चालत आले, त्यामुळे शिवेवरचे काटे त्यांना लागलेच नाहीत. गावात शिरले तर रस्त्यावर कुत्रंही नाही. त्यांना वाटलं, गाव ओस पडलंय.

"ऐका ना," पोरगी रडकुंडीला आली होती. "त्या गावात एक म्हातारी बाई आहे. खूप अशक्त आहे. तिला दवाखान्यात न्यायला पाहिजे."

कोणीतरी देवाचं नाव घेतलं. आणि मग मागून दाजीचा आवाज आला.

दाजी म्हणजे आमच्या गावचा मानकरी. कौल तोच लावतो. गाव रिकामं झालं की नाही ते बघणारा तोच, आणि शिवेबाहेर शेवटचा पाय टाकणारा तोच. अंगात पांढरी बंडी, खांद्यावर पंचा. "तिच्याशी कोणी बोला नको," तो म्हणाला. "गावात माणूस नाय. मी सोता बघून इलंय. ह्या दिवसांत थंय कायव दिसता. तिका दिसला, ता माणूस नाय."

"अहो काका, मी हात धरला त्यांचा! ताप आहे अंगात!"

"ए बाये, तू आपल्या वाटेन जा."

खरं सांगायचं तर मीही मनात म्हटलं, बरोबर आहे. पळण न मानणाऱ्या या पोरांना देवानं खेळवलं, भोगा आता. मी पाठ फिरवली. माझे तांदूळ कातळावर तसेच पडले होते.

पाठीमागून पोरगी ओरडली, "इथे भागी नावाचं कोणी आहे का?"

माझा पाय जागच्या जागी थांबला. भागीरथी माझं नाव. पण मला नुसतं भागी म्हणणारी माणसं आता या जगात फार उरली नव्हती.

"काय काम तिच्याकडे?"

"त्या बाईंनी निरोप दिलाय. मला नीट कळला नाही, पण तस्साच सांगते. म्हणाल्या, भागीला सांग, माझी रोवळी नेलीस ती अजून दिली नाहीस."

जमलेल्या माणसांत कोणाला काही कळलं नाही. मला कळलं.

तारा. दाजीची आई. माझ्या शेजारची. आम्ही दोघी तरण्या होतो तेव्हा ओहोटीला खाडीत तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला जायचो. एकदा माझी रोवळी, बांबूची टोपली, फुटली म्हणून मी तिची घेतली, आणि ती माझ्याकडेच राहिली. मग तारानं तो जन्माचा विषय केला. लग्नात भेटली तरी रोवळी, मयताला भेटली तरी रोवळी. मीही हट्टानं दिली नाही. मागल्या पावसात ती पडली, कंबर गेली, खाटेला लागली. तिला बघायला गेले तर उशीवरून मान वळवून म्हणाली, "रोवळी हाडलंस?"

आणि पळणीआधी दाजीनं गावभर सांगितलं होतं, आयेला मुंबईला ताईकडे पाठवलं. मी वाटेला खायला म्हणून तांदळाच्या बोरांची पिशवी त्याच्या हातात दिली होती. ती त्यानं दोन्ही हातांनी घेतली होती.

मी वळले. "दाजी, तुझी आवस खंय आसा?"

"मुंबयक. तुका ठावक आसा, काकी."

"मगे ह्या पुण्याच्या चेडवाक रोवळीचा कोणी सांगल्यान?"

"काकी, ह्या दिवसांत ती लोका आपल्या ओळखीचो आवाज काढतत. तूच आमका शिकवलंस मा?"

"शिकवलंय. पण भुताक रोवळी कित्याक होयी रे?"

कोणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. दाजी काही बोलणार होता. पण ती पोरगी, तिला काय कळतंय आमचं भांडण, ती आपली मलाच सांगत होती, "आम्ही ओट्यावर बसलो होतो. आतून कण्हल्यासारखं ऐकू आलं. दाराला बाहेरून कडी होती. आम्ही ती काढली."

बाहेरून कडी.

मग दाजीची बायको मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. आता विचारायला काही उरलं नव्हतं.

"तिनाच सांगल्यान," दाजी खाली बघत म्हणाला. "तीच म्हणाली, माका हलवा नको. खाटेवरसून हलवली तर बोंब मारता. हयसर कातळावर, थंडीत, तिचा सगळा खाटेवर... चार लोकांत कसा करूचा? पेज ठेवलेली. पाणी ठेवलेला. तीन दिवसांचो तर प्रश्न."

"पेज ठेवलंस! कुत्र्याक ठेवतत तशी? कुत्रोसुद्धा हाडलंस तू हयसर, बघ, थंय बांधलोहा. पोपट हाडलंस. आनी आवशीक कडी घातलंस?"

"ती मधीच दारात येयत, कोणाक तरी हाक मारीत म्हणान..."

"कंबर मोडलेली बायल दारात येतली?"

मला त्या क्षणी त्याची बंडी धरून त्याला खाडीत बुचकळावासा वाटला. पण त्यापेक्षा मोठा राग आला तो बाकीच्यांचा. एवढे बाप्ये उभे, एकेकाच्या दारात तारानं माशाची कढी नेऊन दिलेली, एकेकाच्या बायकोची बाळंतपणं केलेली, आणि एकजण हलेना.

"होडी काढा," मी म्हटलं.

कोणी काढेना. आमच्या सगळ्या होड्या याच काठाला ओढून ठेवलेल्या. बाबल ढोलवाला हळूच म्हणाला, "काकी, गावची होडी पलीकडे लागली तर पळण मोडता. देवाचो कोप झालो तर?"

"बरोबर," दाजीला धीर आला. "उद्या कौल. उद्या सगळी आपणच परत जातलंव."

मी पोरीला विचारलं, "तुमच्या होडयेतून कित्याक हाडलास नाय तिका?"

"आम्ही किती विनवलं! तयारच होत नाहीत. म्हणतात, माझ्या माणसांनी ठेवलंय, माझी माणसं न्यायला येऊ देत. परक्याच्या हातानं मी घर सोडणार नाही. आणि उद्यापर्यंत... मला नाही वाटत, आजी."

पाणी भरलेलं होतं. पलीकडे दाजीच्या घराच्या पायऱ्यांना लागलं होतं, खालच्या पायऱ्या दिसत नव्हत्या. ओहोटी लागली की तिथे नुसता चिखल. मग उचलून आणायचं म्हटलं तरी मांडीभर गाळातून.

"ए चेडवा, ह्या तुझ्या फुग्यात दोन माणसा बसतत?"

"बसतात."

"चल."

दाजी आडवा आला. "काकी, पाय आत पडलो तर मी सगळ्यांक सांगतलंय, पळण तू मोडलंस."

"दाजी, तुझ्या बापाशीन निवाडो केल्लो तो इसारलंस?" मी मोठ्यानंच विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "ह्या गावच्या बायलांनी आमका तिसऱ्यो काढूक बंदी केली, तेव्हा मी आनी तुझी आवस कंबरभर चिखलात उभी ऱ्हवलंव. तुझ्या बापाशीन दोनय गावांच्या म्होरं सांगल्यान, भरतीचा पाणी जंय पावता थंयपर्यंतची जमीन कोणाची नाय. ना ह्या गावाची, ना त्या. मी पाण्यात जातंय, गावात नाय. आनी होडीव तुमची नाय."

दाजी बाजूला झाला. तो निवाडा झाला म्हणून तर आमच्या गावच्या बायका अजून तिसऱ्या काढतात.

त्या रबरात बसणं म्हणजे काय होतं ते मी कोणाला सांगत नाही. एक पाय टाकला की दुसरी बाजू वर. पोरीनं माझ्या गळ्यात फुगीर जाकीट अडकवलं. सुलभा काठावरून ओरडली, "आये, लुगडा वर खोच!" मी खोचलं. सगळ्या गावानं माझ्या पोटऱ्या बघितल्या. बघू देत. पुढे पाय लांब करून बसले तर मागून पोरगी वल्हं मारताना पाणी सपासप माझ्या तोंडावर.

"गप मार गो, आंगोळ झाली माझी!"

"सॉरी आजी."

थोडं पुढे गेल्यावर मी विचारलं, "चूल कित्याक पेटवलास?"

"त्यांच्याजवळची पेज आंबली होती. कौस्तुभनं पिशवीतले तांदूळ काढले. त्यांच्या घरात आम्हाला काही सापडेना, आणि तुमच्या अंगणात चूल, शेजारी नारळाची सालं... गरम पाण्यानं त्यांना पुसूनही काढलं. लाकूडफाट्याचे पैसे देऊ आम्ही."

मी पुढे बघत राहिले. धूर अजून वर जात होता. सकाळपासून ज्याच्यावर तोंड टाकत होते तो धूर.

"पैशाचा नाव काढलंस तर पाण्यात ढकलीन," मी म्हटलं.

पायऱ्यांपाशी पोचलो. पोरगा वर उभाच होता, उंच, उन्हानं भाजलेला. त्याला म्हटलं, तिला उचल आणि खाली पाण्यापर्यंत आण. मी वर यायची नाही. तो आत गेला. आतून तारा ओरडताना ऐकू आली, "हात लावू नको माका! कोण इलाहा? नाव सांग!"

"मी इलंय!" मी होडीतून ओरडले. "भागी!"

आवाज थांबला.

त्यानं तिला दोन्ही हातांवर आणली. केवढीशी झाली होती! अंगावर त्या पोरीचाच कसलासा सदरा घातलेला. पायऱ्यांवर आल्यावर तिनं डोळे बारीक करून मला बघितलं, गळ्यातलं जाकीट बघितलं, पोटऱ्या बघितल्या.

"ह्या काय सोंग?"

"तुझ्यापायी. बस होडयेत."

"दाजी नाय इलो?"

मी होडी पायरीशी घट्ट धरली.

"सून?"

"तारा, पाणी उतारता. बस."

"तू वर कित्याक नाय येणस?"

"पळण आसा म्हणान. पाय आत ठेवूचो नाय."

तिनं मान हलवली. मग अगदी हळू, कुजबुजल्यासारखं विचारलं, "मगे माका कित्याक ठेवल्यानी गो? मी गावची न्हय?"

इतक्या वर्षांत त्या बाईला मी उत्तर दिलं नाही असं कधी झालं नव्हतं. तेव्हा झालं.

पोरांनी तिला मृण्मयीच्या होडीत आडवी ठेवली. मला कौस्तुभनं आपल्या होडीत ओढून घेतलं. अख्खी खाडी ओलांडेपर्यंत मी तिच्या होडीची दोरी सोडली नाही. मध्येच ती म्हणाली, "रोवळी?"

"घराक गेल्यार देतंय."

"देणस नाय तू."

अलीकडच्या काठावर सगळं गाव उभं होतं. कोणी पुढे येईना. मग सुलभाच पाण्यात उतरली, तिच्या मागून बाबल, त्याच्या मागून आणखी दोघे. ताराला उचलून त्यांनी माझ्या झोपडीत नेलं. बाबल शेजारच्या गावातून रिक्षा आणायला धावला. दाजीची बायको पायाशी येऊन बसली. दाजी लांब उभा होता. शेवटी घसा खाकरून म्हणाला, "पळण बाटली. देवाक सगळा सांगूक होया. काकीच्या नावान कौल लावूक होयो."

"लाव कौल!" मी त्याच्या समोर जाऊन उभी राहिले. लुगड्यातून पाणी गळत होतं. "पण देवाक पयला ह्या सांग. पळण मी मोडूक नाय. पळण झालीच खंय होती? गावात माणूस होता. ढोल वाजवलंस, कातळावर इलंस, पण गाव रिकामो करूक नाय. आता झालो. ही माझ्या झोपडीत निजली तेव्हा झालो. आजपासना मोजा तीन दिवस."

लोकांत कुजबुज झाली. घरी जायची ओढ सगळ्यांना होती, तांदूळ संपत आलेले, पोरं सर्दीनं भरलेली. कोणीतरी म्हणालं, "काकी, आनी तीन दिवस?"

"मगे? देवाक फसवतलास?"

दाजीनं इकडेतिकडे बघितलं. त्याच्या बाजूनं कोणी बोलेल असं त्याला वाटलं असावं. तेवढ्यात बाबल रिक्षा घेऊन परत आला. काय चाललंय ते त्यानं ऐकलं, कोणाला विचारलं नाही, झोपडीतून ढोल काढला, गळ्यात अडकवला आणि गाव सोडताना वाजवतात तो ठेका वाजवायला लागला. त्या आवाजात आम्ही ताराला रिक्षात घातली. तिच्या तब्येतीचं मला काही कळत नव्हतं, पण रिक्षात बसताना ती मला "पायाखाली बघ" म्हणाली, तेव्हा म्हटलं, ही जगते.

जगली. दवाखान्यातून मी तिला माझ्याच घरी आणली. दाजी न्यायला आला होता. ती म्हणाली, "कडी खंय लावतलंस, आतून काय भायरून?" तो निघून गेला. माझ्या पडवीत ती दोन पावसाळे राहिली आणि रोज माझं डोकं खाल्लं. रोवळी तिच्या उशाशी ठेवली होती, तर म्हणते, "ही माझी न्हय, माझी बारीक ईणीची होती."

गावात अजून म्हणतात, भागीकाकीनं मानकऱ्याला चारचौघांत उघडा केला, एवढं ताणायला नको होतं. म्हणोत. उघडा मी नाही केला. त्या पुण्याच्या पोरीनं त्या प्रवासाबद्दल कुठेतरी लिहिलं, माझ्या नातवानं वाचून दाखवलं. त्यात मला "एक प्रेमळ आजी" म्हटलंय. प्रेमळ! माझ्या तोंडच्या शिव्या हिला ऐकू आल्या नव्हत्या काय?

त्यानंतरच्या प्रत्येक पळणीला ढोलाआधी मी गावात फिरते. दर घरात जाते. आतली खोली बघते, खाट बघते, खाटेखाली वाकून बघते. मग म्हणते, लाव कडी. कोणाला आवडत नाही. तोंडावर कोणी बोलत नाही.

गेल्या पळणीला दाजीच्या दारात गेले. त्याचे गुडघे गेलेत आता, डोळ्यांनाही नीट दिसत नाही, मानकरीपण मुलाकडे गेलंय. सून कडीला हात घालून उभी होती.

"सासरो खंय आसा गो?"

"तो काय, टेंपोत बसवलोहा."

"खंयच्या टेंपोत?"

"काकी, काय तू पण! थंय, वडाकडे."

मी वडाकडे गेले. टेंपोत गाद्या, हांडे, कोंबड्यांची खुराडी, आणि त्यांच्या मध्ये घोंगडी पांघरून दाजी. माझी चाहूल लागली तशी त्यानं मान वळवली आणि हात पुढे केला. मी तो धरला. ऊनऊन होता. मग बाबलला म्हटलं, "वाजव ढोल."